गळतीचा पत्ता

कौलारू घराची गळती सापडते पावसात आणि दुरुस्त होते उन्हाळ्यात. पावसात छपरावर चढायची सोय नाही, कारण कौलांना शेवाळ धरलेलं असतं. मे महिन्यात चढता येतं, पण तेव्हा गळत नाही. कोकणातल्या घराची ही मूळ अडचण, आणि दर वर्षी ती माझ्या सुट्टीतच येते.

कौलं परतायला येणारे दादा सरसर वर जातात, खालच्या रिपेचा, म्हणजे कौलं पेलणाऱ्या लाकडी पट्टीचा, अंदाज घेत अलगद पाय टाकतात. मी शिडी धरतो. (सोडली तरी ती पडत नाही, पण माझं पद अजून कुणी काढून घेतलेलं नाही.) वरून आवाज येतो, "कौल फुटलं नाय ओ, सरकलंय. रीप कुसलीय. वासा बरा हाय." मी खालून डॉक्टरांसमोर बसलेल्या नातेवाइकासारखा "बरं, बरं" म्हणतो.

आढ्यापासून, म्हणजे छपराच्या माथ्यापासून, वळचणीकडे, म्हणजे खालच्या कडेकडे, उतरतात ते वासे, वाशांवर आडव्या ठोकलेल्या रिपा, रिपांना अडकलेली मंगळुरी कौलं आणि आढ्याच्या डोक्यावर कोने. एवढं पाठ झालं की छप्पर कळल्यासारखं वाटतं. या कौलांचा कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेने १८६५ साली मंगळुरात काढला. खाचेत खाच बसते, खिळा लागत नाही, शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं पुरतात. हिशेब चोख. त्यात फक्त वानरं धरलेली दिसत नाहीत.

आढ्याचं पाणी वळचणीला जातं असं ज्यांनी म्हणून ठेवलंय, त्यांनी आमचं स्वयंपाकघर पाहिलेलं नाही. आमचं पाणी सरकलेल्या कौलातून आत शिरतं, रिपेवरून आडवं चालतं, मग मनाला येईल तो वासा धरून उतरतं आणि पिठाच्या डब्यावर टपकतं. डब्याच्या बरोबर वरचं कौल धडधाकट! मग काका कोन्यावर संशय घेतात, शेजारचे आप्पा पन्हळ तुंबल्याचं सांगतात आणि मुंबईचा आतेभाऊ फोनवरून "स्लॅब टाका" म्हणतो. त्याच्या स्लॅबवर गेल्याच वर्षी पत्र्याची शेड चढली. ती आता हुकांच्या भोकांतून गळते.

दादांनी तोडगा काढला होता. पावसात थेंब सुटेल तिथे वाशावर कोळशाने फुली मारायची. उन्हाळ्यात ते फुलीपासून वर वर शोधत जाणार. काकूने मनावर घेतलं. यंदा दादांनी आत येऊन पाहिलं, तर वळचणीकडचा वासा फुल्यांनी भरलेला. त्यातली ठळक बघून त्यांनी वरची रीप बदलली, दोन रांगा कौलं उतरवून पुन्हा चढवली, घाम पुसत खाली आले.

काकू चहा घेऊन आली. "ती होय? ती गळतीची नव्हे हो. सिलिंडर लावला त्या दिवसाची खूण आहे."