बारा व्होल्टवरचा व्हॉल्व्ह आणि बुवांचा आवाज

गेले काही महिने आमच्याकडे, सिंधुदुर्गात, भजनी मंडळांमधून एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: जुन्या रेडिओतला कोणताही व्हॉल्व्ह (संकेत वाढवणारी काचेची निर्वात नळी) किंवा नवा १२एएक्स७ (व्हॉल्व्हचाच एक प्रकार) घ्यावा, तो बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर चालवावा, माइक थेट त्याच्या ग्रिडला (संकेत जिथून आत जातो त्या टोकाला) जोडावा आणि पुढची वायर मिक्सरमध्ये घालावी, म्हणजे बुवांच्या आवाजाला जुन्या तबकड्यांची गोलाई येते. आवाज कमी पडला तर घरची २३० व्होल्टची वीज एका डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या घटकातून) द्यावी, आणि एकदा बांधलेल्या प्रीअँपला (माइकचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या यंत्राला) पुढे काहीच करावे लागत नाही. डबलबारीचे (दोन भजनी बुवांच्या सामन्याचे) गायन मुद्रित करण्यासाठी मी स्वतः घरी व्हॉल्व्हचे प्रीअँप बांधतो, आणि हा उद्योग अधिक लोकांनी करावा असे मला मनापासून वाटते. म्हणूनच या संदेशाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

डायोडचा सल्ला मी आधी घेतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो. २३० व्होल्टची वीज डायोड आणि कपॅसिटरमधून (वीज साठवणाऱ्या घटकातून) गेली की सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होते. ते फार झाले एवढाच प्रश्न नाही. अशा जोडणीत चॅसिस (यंत्राचा धातूचा सांगाडा) विजेच्या दोन तारांपैकी एकीशी सरळ जोडलेली असते, आणि दोन पिनांचा प्लग उलटा बसला की तीच तार फेज ठरते. माइकची धातूची जाळी वायरच्या शील्डमार्गे (धातूच्या आवरणामार्गे) चॅसिसला जोडलेली, बुवांचे ओठ त्या जाळीजवळ आणि पाय पावसाळ्यातल्या ओलसर जमिनीवर. अशा वेळी एमसीबी (घरातला आपोआप पडणारा सुरक्षा स्विच) पडेल यावर विसंबू नये, कारण जिवाला तीस-चाळीस मिलिअँपिअरही पुरतात, एमसीबीला ते जाणवतही नाहीत. उच्च दाब हवाच, पण तो वेगळ्या वाइंडिंगच्या (तारेच्या वेटोळ्यांच्या) ट्रान्सफॉर्मरमधून, अर्थिंग केलेल्या चॅसिसवर. ४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर २२० किलोओहमचा रोध कायम जोडलेला असावा, म्हणजे बंद केल्यावर साधारण मिनिटभरात दाब उतरतो. तरीही मीटरने पाहिल्याशिवाय आत हात घालू नये.

बारा व्होल्टचा गैरसमज कुठून आला हे समजण्यासारखे आहे. १२एएक्स७ च्या हीटरला (आतल्या तापणाऱ्या तारेला) १२.६ व्होल्ट आणि १५० मिलिअँपिअर लागतात, त्यामुळे अडॅप्टरवर तो तापतो, तांबूस दिसतो आणि चालू आहे असे वाटते. प्लेटची, म्हणजे वाढवलेला संकेत जिथून बाहेर पडतो त्या टोकाची, गोष्ट निराळी आहे. १०० किलोओहमच्या लोडवर (प्लेटला जोडलेल्या रोधावर) २५० व्होल्ट दिल्यास त्यातून एक मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो आणि सुमारे साठपट वर्धन मिळते. बारा व्होल्टवर हा प्रवाह अगदी क्षीण होतो, ग्रिड स्वतःच प्रवाह ओढू लागते आणि चढा स्वर फाटतो. कोणाला तो फाटलेपणा मुद्दाम हवा असेल तर माझी हरकत नाही, पण त्याला गोलाई म्हणू नये.

माइक थेट ग्रिडला, म्हणजे मध्ये ट्रान्सफॉर्मर नको, या दाव्याने सर्वांत जास्त नुकसान होते. १५० ओहमच्या माइकचा स्वतःचा उष्णताजन्य खरखराट, २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्ट असतो, तर या व्हॉल्व्हचा हिशेबाने कमीत कमी ०.७ च्या आसपास, आणि प्रत्यक्षात त्याहून अधिक. माइक थेट जोडला तर तिपटीहून जास्त खरखर आपण स्वतःहून पदरात घेतो. मध्ये एकास दहाचा इनपुट ट्रान्सफॉर्मर ठेवला की माइकचा संकेत आणि त्याची खरखर दोन्ही दहापट होतात, म्हणजे २.२ मायक्रोव्होल्टपुढे व्हॉल्व्हचे ०.७ जवळपास लपून जातात. हा ट्रान्सफॉर्मर महाग असतो, शिवाय वीजपुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरजवळ ठेवला तर ५० हर्ट्झची घुरघुर ओढून घेतो. माझ्या पहिल्या प्रीअँपमध्ये दोन्ही शेजारी बसवल्यामुळे सगळी पेटी पुन्हा उघडावी लागली होती. तरीही पैसे वाचवायचे तर ते प्रीअँपच्या बाहेरच्या पेटीत वाचवावेत, इथे नव्हे.

पुढची वायर थेट मिक्सरमध्ये, हेही चुकीचे आहे. प्लेटकडून पाहिल्यास या टप्प्याचा अंतर्गत रोध चाळीस किलोओहमच्या घरात असतो. समोर दहा किलोओहमचे लाइन इनपुट आले की साठपट वर्धनाचे बारापट उरते. १२एएक्स७ च्या एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह असतात; त्यातला दुसरा अर्धा भाग कॅथोड फॉलोअर (वर्धन न करता अंतर्गत रोध कमी करणारी जोडणी) म्हणून वापरला, की हा प्रश्न सुटतो.

आता गोलाईबद्दल. ट्रायोड (तीन मुख्य टोकांचा व्हॉल्व्ह, १२एएक्स७ याच जातीचा) मुख्यतः दुसरा हार्मोनिक मिसळतो, म्हणजे तोच षड्ज वरच्या सप्तकात, म्हणून तो कानाला खुपत नाही. एवढे संदेशात खरे आहे. मात्र त्याचे प्रमाण संकेताच्या उंचीवर ठरते. खणखणीत गाणाऱ्या बुवांच्या जवळ धरलेला साधा डायनॅमिक माइक दहा-बारा मिलिव्होल्ट देतो. साठपट केल्यावर ते पाऊण व्होल्टही होत नाहीत, आणि एवढ्याशा हालचालीत योग्य दाबावरचा व्हॉल्व्ह जवळजवळ सरळच चालतो. ट्रान्सफॉर्मर असेल तर हाच आकडा सात व्होल्टांपर्यंत जातो, तेव्हा कुठे व्हॉल्व्हचा रंग दिसू लागतो. जुन्या तबकड्यांच्या आवाजात माइक, खोली, ट्रान्सफॉर्मर आणि खुद्द तबकडीची मर्यादा या सगळ्यांचा वाटा होता. वरची बारीक कंपने तिच्यात फारशी उतरतच नसत.

‘कोणताही व्हॉल्व्ह’ हेही टिकत नाही. जुन्या रेडिओंत आढळणारा ईसीएच८१ कंप्रता बदलण्यासाठी आणि ईएल८४ स्पीकर चालवण्यासाठी बनवलेला आहे. दोघांच्या पिनांची जोडणीही वेगळी.

राहिला देखभाल लागत नाही हा दावा, आणि तो समुद्रकाठी मुळीच लागू पडत नाही. ग्रिडला बहुधा एक मेगाओहमचा रोध असतो, त्यामुळे सॉकेटवर बसलेला खारट ओलाव्याचा पातळ थरही उच्च दाबाची गळती ग्रिडपर्यंत पोहोचवतो. गेल्या आषाढात माझ्या प्रीअँपमधून सतत चटचट येऊ लागली. मी व्हॉल्व्ह बदलून पाहिला, फरक पडला नाही. सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, सुकवून परत लावल्यावर चटचट थांबली. तेव्हापासून मी सिरॅमिक सॉकेट वापरतो आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला ते पुसतो.