ताळा काही जुळत नाही

प्रीक्वेल, म्हणजे जुन्या सिनेमाच्या आधीची गोष्ट सांगणारा नवा सिनेमा, बघायला माणसानं एकट्यानं जावं. मालिकेतलं काहीच ठाऊक नसलेलं कुणी सोबत असेल, तर ते दर पाच मिनिटांनी "हा कोण?" विचारतं. तेवढं सोसता येतं. खरा घात होतो तो ज्याला सगळं आठवतं त्याच्यामुळे. माझ्या नशिबी हे पात्र म्हणजे माझी आत्या. तिची उभी हयात सरकारी लेखापरीक्षणात गेली. समोर आलेल्या कागदाची आधी बेरीज तपासायची आणि मग तो वाचायचा, ही खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा ती तारीख आणि वार जुळतात का ते बघते.

2011 च्या जूनमध्ये, जन्मतःच अचाट शक्ती असलेल्या माणसांच्या मालिकेतला 'एक्स-मेन: फर्स्ट क्लास' हा प्रीक्वेल आला तेव्हा मी देव पाण्यात घालून बसलो होतो. 2009 च्या वुल्व्हरिनच्या प्रीक्वेलनं तोंडाची चवच घालवली होती ना! वेड विल्सन या गड्याचं सगळं भांडवल म्हणजे त्याची अखंड टकळी, आणि त्या सिनेमात शेवटी त्याचं तोंडच शिवून टाकलं. वुल्व्हरिन झालेला ह्यू जॅकमन न्हाणीघरात आपल्या नव्याकोऱ्या नख्या बाहेर काढून निरखतो, तेव्हा त्या हातातून आल्यासारख्या वाटतच नाहीत, कॉम्प्युटरवर कुणीतरी घाईनं चिकटवल्यासारख्या दिसतात. नवा सिनेमा तरी अब्रू राखेल अशी आशा होती. आत्या म्हणाली, "मीही येते. पण आधीच्या नोंदी बघितल्याशिवाय नाही." मग जुने चारही सिनेमे डीव्हीडीवर झाले. ती स्वेटर विणत बघत होती. मला वाटलं, लक्ष नाहीये.

सुरुवात झकास झाली. 1944 सालचं पोलंड, छळछावणी, पाऊस, आईपासून तोडला जाणारा मुलगा आणि त्याच्या आक्रोशानं वाकत जाणारं लोखंडी फाटक. 2000 सालचा पहिला सिनेमा याच प्रसंगानं उघडतो, तो इथे जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा उभा केलाय. आत्यानं मान डोलावली. "जुळतंय."

मग मनं वाचणारा चार्ल्स आणि फाटक वाकवणारा तो मुलगा, आता मोठा झालेला एरिक, यांची गाठ पडली आणि माझे हाल सुरू झाले.

"अरे, हा चार्ल्स सतरा वर्षांचा असताना भेटले होते ना दोघं? पहिल्या सिनेमात स्वतःच सांगतो की. इथे तर ऑक्सफर्डची डिग्री घेऊन बसलाय." आत्याची कुजबुज मागच्या तीन रांगांना ऐकू जाते.

"म्हातारपणी आठवणीत घोळ होतो, आत्या."

"जगाची मनं वाचतो आणि स्वतःचं आठवत नाही?"

याला उत्तर नव्हतं. पुढे सेरेब्रो आलं, दूरदूरची शक्तिमान माणसं चार्ल्सला शोधून देणारं यंत्र. ते यंत्र या दोन मित्रांनी मिळून बांधलं, असं जुन्या सिनेमात चार्ल्स सांगतो; इथे ते हँक मॅकॉय नावाच्या पोरसवदा शास्त्रज्ञानं तयार ठेवलेलं. "ठेकेदार बदलला वाटतं," आत्या म्हणाली. हिऱ्याच्या अंगाची एमा फ्रॉस्ट दिसली, तेव्हा तर तिनं माझा दंडच धरला. ही बाई इथे 1962 मध्ये चांगली थोराड, आणि सतरा वर्षांनी घडणाऱ्या वुल्व्हरिनच्या सिनेमात हिऱ्याच्या अंगाची ती एमा नावाची कोवळी मुलगी कोण? मी म्हटलं, नावं सारखी असतात. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मागे वळून सांगितलं, "नाही हो, घोळच आहे तो." आत्याला साक्षीदार मिळाला.

चार्ल्स-एरिकनं जमवलेल्या पोरांतला डार्विन मेला तेव्हा मात्र मीच चिडलो. कुठल्याही संकटात शरीर बदलून तगून राहायचं, हीच ज्याची शक्ती, त्याला नव्या पोरांमध्ये सगळ्यात आधी मारतात! लेखकांनी निदान एकदा तरी आपलंच पान मागे उलटून बघावं. नंतर वुल्व्हरिन दारूच्या गुत्त्यात क्षणभर दिसला, एका शिवीत दोघांना वाटेला लावलं आणि गायब. सबंध 2009 च्या सिनेमापेक्षा ती शिवी सरस.

शेवट आधीच ठाऊक आहे, ही तक्रार मी कधीच करणार नाही. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला लंका कुणी जाळली ते माहीत असतं, तरी लोक उठून जात नाहीत. या सिनेमात एक नाणं आहे. छावणीतला तो डॉक्टर टेबलावर नाणं ठेवतो आणि पोराला म्हणतो, हलव. तीन आकडे मोजतो. पोराच्याने नाणं हलत नाही, आणि आईला गोळी घातली जाते. अठरा वर्षांनी एरिक तेच नाणं त्या माणसासमोर हवेत धरतो, तसेच तीन आकडे मोजतो आणि ते सावकाश, अगदी सावकाश त्याच्या कपाळातून आरपार नेतो. तिकडे चार्ल्सनं त्या माणसाचं मन जखडून धरलेलं असतं, त्यामुळे ओरडतो तो चार्ल्स. एरिक झालेल्या मायकल फासबेंडरच्या चेहऱ्यावर विजय दिसत नाही की समाधानही. मी खुर्चीच्या कडेला आलो होतो. आत्याचा हात पॉपकॉर्नच्या पुड्यात तसाच राहिला होता.

पण हे सुख किती टिकणार? क्यूबाच्या किनाऱ्यावर एरिकनं वळवलेली गोळी चार्ल्सच्या कण्यात घुसली, त्याचे पाय गेले, मैत्री तुटली. माझा गळा दाटून आला.

"1962 ला पाय गेले," आत्या म्हणाली. "मग वुल्व्हरिनच्या शेवटी हेलिकॉप्टरजवळ धडधाकट उभा कोण होता? आणि तिसऱ्या भागात दोघं जोडीनं त्या लाल केसांच्या मुलीच्या घरी चालत गेले, ते कधी?"

मी डोळे पुसत म्हटलं, "आवडला की नाही ते सांग."

"आवडला की! पण सही नाही करणार मी."

पुढे 2014 च्या सिनेमात त्यांनी लोगनला, म्हणजे वुल्व्हरिनलाच, थेट 1973 सालात धाडून इतिहासच बदलून टाकला. आत्याच्या मते ही जुनी येणी बुडीत खात्यात टाकायची नेहमीची युक्ती. त्यालाही तिनं एकवेळ माफ केलं असतं. पण मालिका 1983 ला गेली, मग 1992 ला गेली, आणि एरिकच्या चेहऱ्यावर सुरकुती नाही. 1944 सालचा शाळकरी पोर तो. 1992 म्हणजे साठी उलटली. परवा टीव्हीवर तो 1992 सालात घडणारा भाग लागला होता. आत्यानं विणकाम बाजूला ठेवलं, चष्मा लावून एरिकला नीट निरखलं आणि म्हणाली, "याच्या जन्मदाखल्याची मूळ प्रत मागव."