सागाची फळी वाळली कुठे आणि राहणार कुठे

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन आहेत. भट्टीत वाळवलेलं लाकूड ‘मेलेलं’ असतं, त्यातलं तेल उडून जातं, हा एक. दुसरा असा की रत्नागिरीच्या तुमच्या घराचं सागवानी दार भट्टी न बघता तीन पिढ्या उभं आहे, मग ‘पुण्यातल्या टेबलासाठी किल्नचाच, म्हणजे भट्टीत वाळवलेलाच माल घ्या’ हा माझा सल्ला म्हणजे वखारवाल्यांची जाहिरात.

आधी दाराचं बोलू. ते टिकलं याचं मला नवल वाटत नाही. तेव्हाचं लाकूड बहुधा जून झाडाच्या गाभ्याचं असायचं आणि घाई कोणालाच नसायची. शिवाय ते कोकणात वाळलं आणि कोकणातच राहिलं. आषाढात फुगून घासत असेल, थंडीत मोकळं होत असेल. दाराला तेवढं चालतं.

टेबलाला चालत नाही. लाकूड भोवतालच्या हवेइतकंच वाळतं, त्याखाली उतरत नाही. हवेत ८५ टक्के आर्द्रता असेल तर फळी १७-१८ टक्के ओलाव्यावर अडते, मग ती शेडमध्ये दहा वर्षं ठेवा. तीच फळी पुण्याच्या उन्हाळ्यात किंवा एसीच्या खोलीत गेली की हळूहळू ८-९ टक्क्यांवर येते. आडव्या कापाची (रुंदी झाडाच्या वलयांच्या दिशेने येते अशी) सागाची ३० सेंटिमीटर रुंद फळी एवढ्यात साधारण ५ मिलिमीटर आक्रसते. आणि साग त्यातल्या त्यात शहाणा, बाकीची बरीच लाकडं याहून जास्त आक्रसतात! खाली स्क्रूने घट्ट आवळलेली असेल, तर ती फाटणारच. भट्टीचा उपयोग एवढाच, की हवा जिथे थांबते त्याखाली लाकूड नेता येतं. शिवाय लाकूड पोखरणारी कीड, तिची अंडी उष्णतेने मरतात.

तेलाचं म्हणाल, तर नीट चालवलेल्या भट्टीतली उष्णता सागाला टिकाऊ करणारी द्रव्यं घालवण्याइतकी नसते. घाई केली तर मात्र वरचा थर आधी कडक होतो, आत ताण राहतो, आणि उभं कापताना फळी करवतीवरच आवळते. असा माल बाजारात भरपूर आहे. तुमचा राग त्यावर असेल तर मी तुमच्या बाजूचा. वाफ देऊन वाकवायचं लाकूडही मी हवेवर वाळलेलंच घेईन, ते सहज वळतं.

‘किल्न ड्राय’ या शिक्क्यावर मात्र जाऊ नका. असा माल पावसाळाभर उघड्या वखारीत पडला की पुन्हा ओल धरतो. फळीच्या टोकाकडून नको, मधून एक तुकडा कापून वजन करा. शंभरेक अंशांच्या ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. ११२ ग्रॅमचा १०० झाला, तर ओलावा १२ टक्के.

तुमच्याकडच्या फणसाच्या ताज्या फळ्या विकू नका. टोकांना रंग किंवा मेण लावा, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून सावलीत रचा, वर वजन ठेवा. इंचभर जाडीला वर्षभर धरा. गावच्या घरासाठी तेवढं पुरे. मुलीच्या मुंबईच्या एसी चालणाऱ्या फ्लॅटसाठी कपाट करणार असाल, तर त्यानंतर त्या भट्टीत घाला, किंवा रंधा मारण्याआधी काही महिने त्याच फ्लॅटमध्ये नेऊन ठेवा.