गाडी आली, कर यायचाय

कर्नाटकातून महाराष्ट्रात गाडी आणायला एक टाकी पेट्रोल पुरतं. कोगनोळीचा टोलनाका आला, फास्टॅगचा मेसेज वाजला, थोडं पुढे गेलं की पाट्या मराठीत. गाडीला यातलं काही कळत नाही. इंजिन तेच, एसी तोच, मागच्या सीटवर सांडलेले कुरमुरेही तेच. पण तिच्या नंबरपाटीवर 'केए' असतं आणि ते मात्र सगळ्यांना कळतं.

सगळ्यात आधी सोसायटीला कळतं. आमच्या मजल्यावरच्या काकांनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं, ''कर्नाटक पासिंग का?'' आणि उत्तराची वाट न पाहता सल्ला दिला, ''पासिंग बदलायच्या भानगडीत पडू नका. बारा महिन्यांची मुभा असते. महिना-दोन महिन्यांनी एकदा सीमेपलीकडे जाऊन यायचं, टोलची पावती ठेवायची. पोलिसानं अडवलं की दाखवायची. बारा महिने पुन्हा पहिल्यापासून सुरू.'' काका स्वतः कर सल्लागार होते, हे नंतर कळलं.

मी पापभीरू माणूस, म्हणून मोटार वाहन कायदाच उघडला. 1988 चा आहे आणि तेव्हाच्या टाइपात वाचल्यास बराच शांत करणारा आहे. कलम 47 म्हणतं, दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवलीत तर तिथला नवा नंबर घ्या. कलम 49 म्हणतं, पत्ता बदलला तर तीस दिवसांत कळवा. म्हणजे माझा मुक्काम हलल्याचं सरकारला महिन्यात कळायला हवं, गाडीचा हलल्याचं वर्षभरानं कळलं तरी हरकत नाही. या दोघांत जास्त विश्वासू कोण मानलं गेलंय, ते उघड आहे.

खरी गोम पैशांची. गाडी घेताना पंधरा वर्षांचा रोड टॅक्स एकरकमी भरला होता. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या गाडीला 14 टक्के, वर उपकर वेगळा. शोरूममध्ये त्या आकड्याकडे बघताना मी मनात म्हटलं होतं, निदान पंधरा वर्षं तरी हा विषय संपला. पण वाहनांवरचा कर हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत बसलेला आहे, 57 व्या नोंदीत. 2017 मध्ये जीएसटी आला, जकात गेली, प्रवेशकर गेला, रोड टॅक्सला मात्र कुणी हात लावला नाही. त्यामुळे नव्या राज्याच्या दृष्टीनं मी आजवर एक रुपयाही भरलेला नाही. महाराष्ट्रात दहा लाखांखालच्या पेट्रोल गाडीला नवीन असताना 11 टक्के, जुन्या गाडीला वय बघून कमी. हा कर आधी इकडे भरायचा, नवा नंबर घ्यायचा आणि मग उरलेल्या वर्षांचा परतावा तिकडे मागायचा. घ्यायच्या खिडकीवर 'आजच' आणि द्यायच्या खिडकीवर 'बघू', असा हा क्रम आहे.

'बीएच' मालिका काढा, असं ऑफिसातल्या एका हुशार मुलानं सुचवलं. 2021 पासून ही सोय आहे. नंबर भारताचा, कर दोन-दोन वर्षांचा, कुठल्याही राज्यात जा. डिसेंबर 2022 पासून जुन्या गाड्यांनाही तो घेता येतो. अट एवढीच, की तुम्ही सरकारी नोकर तरी असा, नाहीतर तुमच्या कंपनीची चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं हवीत. आमच्या कंपनीची तीन राज्यांत आहेत. पणजीत एखादी खोली भाड्यानं घेता येईल का, असं मी एचआरला विचारून पाहिलं. तेव्हापासून एचआरच्या बाई लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून हसत नाहीत.

तेव्हा एनओसी, म्हणजे जुन्या राज्याच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र. शाळा सोडल्याचा दाखला असतो ना, तसा हा गाडीचा. मिळण्याआधी सगळी देणी फेडल्याचे पुरावे द्यायचे. बँकेचं कर्ज संपलं होतं, पण आरसीवर बोजा तसाच होता, तो उतरवला. विमा, पीयूसी जोडलं. गाडी चोरीची नाही, असा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या यादीतला दाखलाही काढला. हे सगळं मोबाइलवर, ओटीपी टाकून. एकविसाव्या शतकाबद्दल माझं मत सुधारत चाललं होतं.

तेवढ्यात फॉर्म 28 मध्ये एक रिकामी चौकट दिसली. तिथे चेसिस नंबरचा ठसा हवा होता. पेन्सिलीनं काढलेला.

आमच्या गाडीत हा नंबर ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली, गालिच्याच्या एका झाकणाआड कोरलेला आहे. तिथवर पोचायला सीट पूर्ण मागे करून, दार उघडं ठेवून, डोकं आत आणि उरलेलं शरीर पार्किंगमध्ये, असं आसन करावं लागतं. बायको टॉर्च धरून उभी होती. ''अहो, कागद हलतोय.'' ''मी हलतोय.'' मुलीच्या कंपासमधली पेन्सिल फार कडक निघाली. सतरा अक्षरांपैकी निम्मी उमटली आणि बाकीच्या ठिकाणी कागद फाटला. वॉचमन लांबून पाहत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. ''साहेब, काही पडलंय का?'' बायको म्हणाली, ''नाही, नंबर उतरवून घेतायत.'' ''पण नंबर तर बाहेर लिहिलाय.'' या मुद्द्यावर आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हतं. पुढे आरटीओबाहेर झाडाखाली टेबल मांडून बसलेल्या एजंटनं हाच ठसा अर्ध्या मिनिटात काढून दिला. आधी पेन्सिल घासली, वर सेलोटेप चिकटवली, उचलून फॉर्मवर लावली. मी काही बोललो नाही. कला म्हणजे कला.

अर्ज गेला आणि शांतता पसरली. मी कायदा वाचलेला माणूस. कलम 48 सांगतं, की तीस दिवसांत नकार कळवला नाही तर एनओसी मिळाली असंच धरायचं. तो कागद घेऊन मी खिडकीशी गेलो आणि तिथल्या भाऊसाहेबांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला, अगदी मान डोलवत. मग म्हणाले, ''मग धरा ना.''

धरून पुढच्या राज्यात काही चालत नाही, कारण तिथे मूळ प्रत लागते. ती आली एकदाची. त्यानंतरचं इकडचं काम म्हणजे फॉर्म 27, कर, फी, इन्स्पेक्टरांनी गाडीभोवती मारलेली एक फेरी आणि नव्या पाट्या. विम्यात नंबर बदलला, फास्टॅगचा बदलला, सोसायटीच्या स्टिकरसाठी मात्र कमिटीची बैठक व्हावी लागली. काका आता माझ्याशी जरा तुटकच वागतात. इतक्या चांगल्या सल्ल्याची माती केली, असं त्यांना वाटतं.

राहिला परतावा. मेहुणा तिकडेच नोकरीला आहे, त्याच्या हाती अर्ज दिला. संध्याकाळी त्याचा फोन. ''भाऊजी, जुनी आरसी मूळ प्रतीत मागतायत.'' ''ती इथल्या ऑफिसनं जमा करून घेतली.'' ''मी सांगितलं. ते म्हणतात, जमा करून घेतल्याचं पत्र आणा.'' पत्र आणलं. मग पत्रावर जावक क्रमांक हवा होता, मग रद्द केलेला चेक, मग त्या चेकवर माझं नाव छापलेलं हवं होतं. मेहुणा दर वेळी रजा टाकून जातो. आता त्याला तिथे चहा मिळतो, नवीन आलेल्या लोकांना फॉर्म कुठला भरायचा हे तोच सांगतो, आणि परवा त्या खिडकीवरच्या क्लार्कच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्याला आली. जायचं नक्की आहे. आहेर किती करायचा ते परतावा आल्यावर ठरवू म्हणालो, तर मेहुणा म्हणतो, ''भाऊजी, लग्न याच वर्षी आहे.''