ते सात शब्द आणि कोळशाची खाण

१७ एप्रिल २०१९ रोजी दुपारी सुराबायातल्या आमच्या गल्लीत, अर्धा रस्ता अडवून घातलेल्या मांडवाखाली, मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मतमोजणी पाहत होते. इंडोनेशियात मतपत्रिकेवर शिक्का मारत नाहीत. मतदार आपल्या पसंतीच्या नावावर खिळ्याने भोक पाडतो. दुपारी एक वाजता मतदान संपते आणि त्याच मांडवात, त्याच शेजाऱ्यांसमोर मोजणी सुरू होते. केंद्रावरचा एक जण पत्रिकेची घडी उलगडायचा, भोक सर्वांना दिसावे म्हणून ती उजेडासमोर धरायचा, नाव मोठ्याने वाचायचा आणि म्हणायचा, "साह!" म्हणजे वैध. मग हिजाब घातलेली एक तरुणी भिंतीवरच्या मोठ्या कागदावर रेघ ओढायची. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. मध्येच असरची अजान झाली, तेव्हा कर्मचारी दोघे-दोघे करून नमाज पढून आले, पण मोजणी थांबली नाही. पाच निवडणुका एकाच दिवशी होत्या, म्हणून ही रेघारेघी मध्यरात्र उलटून गेली तरी चालू होती. त्या निवडणुकीत देशभरात सुमारे ९०० मतदान कर्मचारी दगावले आणि त्याचे मोठे कारण अतिश्रम हेच होते.

कामानिमित्त अडीच वर्षे तिथे राहून परत आल्यावर पुण्यात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "मुसलमान देशात लोकशाही चालते तरी कशी?" सुमारे २८ कोटी लोकसंख्येपैकी ८७ टक्के मुसलमान असलेल्या देशाबद्दल हा प्रश्न विचारला जातो, तेव्हा इस्लाम आणि लोकशाही या जणू दोन वस्तू असून त्या एका डब्यात मावतात की नाही एवढेच पाहायचे आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. मला हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे असे वाटते. धर्मग्रंथात काय लिहिले आहे याइतकेच, धर्म सांगणारी माणसे कोणाच्या पैशावर जगतात आणि सरकारपासून किती अंतरावर उभी राहतात, यावर हे ठरते. इंडोनेशियाचा इतिहास मला तरी हेच सांगतो.

तिथल्या राज्याचा पाया 'पंचशील' या शब्दावर आहे. हा शब्द महाराष्ट्रात वेगळा सांगावा लागत नाही; आपल्याकडे बौद्ध वस्त्यांमध्ये तो रोजच्या वंदनेत उच्चारला जातो. त्यांच्या भाषेत मताला 'सुआरा' म्हणतात, म्हणजे आपला 'स्वर'. मंत्र्याला 'मंतेरी', राज्याला 'नेगारा' (मूळ 'नगर'), जिल्हाप्रमुखाला 'बुपाती', म्हणजे भूपती. रमजानच्या रोजालासुद्धा ते 'पुआसा' म्हणतात, आणि तो शब्द 'उपवास'वरून आलेला आहे. हे सांगताना 'बघा, ते मुळचे आपलेच' असा सूर लावणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते लोक मनापासून मुसलमान आहेत, आणि त्यांना आपल्या श्रद्धेसाठी जुने शब्द टाकून द्यावे लागले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ मी घेते.

१ जून १९४५ रोजी स्वातंत्र्यलढ्याचे नेते आणि पुढे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले सुकार्नो यांनी पंचशीलाची, म्हणजे राज्याच्या पाच मूलतत्त्वांची, कल्पना मांडली. तीन आठवड्यांनी, २२ जूनला, नऊ जणांच्या समितीने 'जकार्ता सनद' तयार केली. तिच्यात ईश्वरावरील श्रद्धेच्या तत्त्वापुढे मूळ भाषेतले सात शब्द जोडलेले होते, ज्यांचा आशय असा की इस्लामच्या अनुयायांवर शरियत पाळण्याचे बंधन राहील. १७ ऑगस्टला स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि १८ ऑगस्टच्या सकाळी, राज्यघटना संमत होण्याआधी, सुकार्नोंचे सहकारी मोहम्मद हत्ता यांनी मुस्लिम नेत्यांना गाठले. पूर्वेकडच्या बेटांवरील ख्रिस्ती लोक या शब्दांसह नव्या देशात राहणार नाहीत, असा निरोप त्यांच्याकडे आला होता. मुहम्मदिया या मोठ्या मुस्लिम संघटनेचे प्रमुख की बागुस हादिकुसुमो यांचे मन वळवणे सर्वांत अवघड होते, पण अखेर तेही तयार झाले. सात शब्द गेले, राष्ट्राध्यक्ष मुसलमानच असावा ही अटही गेली, आणि त्यांच्या जागी फक्त 'एकमेव ईश्वरावर श्रद्धा' उरली. बहुसंख्य असलेल्यांनी, हातात आलेली गोष्ट, अल्पसंख्याकांना देशात राहता यावे म्हणून सोडून दिली. अनेकांना ती सल पुढे कित्येक वर्षे टोचत राहिली, हेही तितकेच खरे आहे.

पुढच्या काळाबद्दल आपल्याकडे फारसे वाचले जात नाही. १९५५ च्या पहिल्या निवडणुकीत सुकार्नोंच्या राष्ट्रवादी पक्षाला २२.३ टक्के, मास्युमी या इस्लामी पक्षाला २०.९, नहदतुल उलमाला (उलमांची, म्हणजे धर्मपंडितांची, संघटना; तेव्हा ती पक्ष म्हणूनही लढत होती) १८.४ आणि कम्युनिस्टांना १६.४ टक्के मते मिळाली. घटना समितीत इस्लामी राज्याचा आग्रह धरणाऱ्यांकडे दोन तृतीयांश मते नव्हती, दुसऱ्या बाजूकडेही नव्हती, आणि वाद रेंगाळत राहिला. तो वाद संपवण्यासाठी ५ जुलै १९५९ रोजी घटना समिती बरखास्त केली ती कोणा मौलवीने नव्हे, तर लष्कराच्या पाठिंब्यावर स्वतः सुकार्नोंनी. संसदीय पद्धतीची बाजू घेऊन सुकार्नोंना ठाम विरोध करणारी मास्युमी १९६० मध्ये बंद करण्यात आली. तिचे नेते मोहम्मद नात्सिर १९५८ च्या सुमात्रातील बंडात सामील झाले होते आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. तरीही त्या देशातील पहिली लोकशाही मोडली ती धर्माच्या नव्हे, तर राष्ट्रवादाच्या नावाने, हे नोंदवायलाच हवे.

त्याहून काळे पान १९६५-६६ चे आहे. सैन्याच्या पुढाकाराने झालेल्या कम्युनिस्टांच्या कत्तलीत किमान पाच लाख माणसे मारली गेली असे मानले जाते, आणि पूर्व जावामध्ये नहदतुल उलमाच्या युवक शाखेचे हात त्यात रक्ताने माखले होते. सुराबायातल्या नदीकाठी संध्याकाळी फिरताना हे मनातून जात नसे. पुढे त्याच संघटनेचे नेते अब्दुर्रहमान वाहिद, ज्यांना सगळा देश 'गुस दुर' म्हणतो, राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी २००० मध्ये या हत्यांबद्दल माफी मागितली. त्यांच्याच संघटनेतल्या अनेकांना ती आवडली नाही.

नहदतुल उलमा १९२६ मध्ये सुराबायातच स्थापन झाली आणि मुहम्मदिया १९१२ मध्ये योग्यकर्तात. पहिलीचे बळ 'पेसांत्रेन' या हजारो निवासी मदरशांमध्ये आणि ते चालवणाऱ्या 'कियाई' म्हणजे गुरुजनांमध्ये आहे. दुसरीकडे शंभराहून अधिक रुग्णालये आणि दीडशेहून अधिक महाविद्यालये व विद्यापीठे आहेत. आमच्या घरमालकीण बाई, ज्यांना मी 'इबू' म्हणत असे, दर गुरुवारी रात्री गल्लीतल्या बायकांबरोबर यासीन या कुराणातल्या अध्यायाच्या पठणाला जात. तिथे फिरवल्या जाणाऱ्या डब्यातले पैसे जवळच्या पेसांत्रेनच्या छपरासाठी असत. त्या छपरासाठी कोणा मंत्र्याची सही लागत नव्हती. ज्या धर्माला आपल्या शाळा, दवाखाने आणि छपरे स्वतःच्या डब्यातून उभी करता येतात, त्याला टिकून राहण्यासाठी पोलिसांची काठी लागत नाही, आणि म्हणूनच सत्तेला नकार देणे त्याला परवडते. १९८४ च्या सितुबोंदो अधिवेशनात नहदतुल उलमाने पंचशीलाचा आधार मान्य केला आणि पक्षीय राजकारणातून अंग काढून घेतले. ते तेव्हाचे हुकूमशहा सुहार्तो यांच्या दडपणाखाली झाले, हे मी नाकारत नाही. पण सुहार्तो १९९८ मध्ये गेले तरी तो निर्णय टिकला, याचा अर्थ तो निव्वळ दडपणाचा नव्हता.

याची खरी कसोटी २००२ मध्ये लागली. हुकूमशाही संपली होती, घटनादुरुस्त्या चालू होत्या, कोणी कोणाला घाबरत नव्हते, आणि काही इस्लामी पक्षांनी ते सात शब्द घटनेत परत आणण्याचा प्रस्ताव मांडला. त्याला उघड विरोध केला तो नहदतुल उलमा आणि मुहम्मदिया यांनीच, आणि प्रस्ताव बारगळला. १९४५ मध्ये देश फुटण्याची भीती होती असे म्हणता येईल. २००२ मध्ये तसे काहीही नव्हते. शरियत पाळणे हे मुसलमानाचे अल्लाहशी असलेले नाते आहे आणि सरकारने ते वसूल करायला बसू नये, हा विचार धर्माच्या आतून आलेला होता. हमीद दलवाईंनी महाराष्ट्रात जो मार्ग धरला, १९६६ मध्ये सात मुस्लिम महिलांचा मोर्चा सचिवालयावर नेला, तो धर्मसत्तेशी थेट सामना करण्याचा मार्ग होता आणि माझ्या मनात त्याबद्दल अपार आदर आहे. इंडोनेशियात धर्मसत्तेतल्याच काही लोकांनी ते काम अंगावर घेतले. २०१७ मध्ये चिरेबोनला महिला उलमांची परिषद भरली आणि बालविवाहाविरुद्ध त्यांनी फतवा काढला. दोन वर्षांनी कायदा बदलून मुलींच्या लग्नाचे किमान वय १६ वरून १९ झाले. त्यामागे न्यायालयाचा निर्णय होता, अनेक संघटनांचे काम होते, पण त्या फतव्यामुळे 'हे धर्माविरुद्ध आहे' म्हणणाऱ्यांचा आवाज बसला.

हे सगळे सांगून मी तिथे स्वर्ग उतरला आहे असे म्हणत नाही. २०१६ मध्ये जकार्ताचे ख्रिस्ती, चिनी वंशाचे गव्हर्नर बासुकी चहाया पुर्नामा, म्हणजे 'आहोक', यांच्या कुराणातील एका आयतीविषयीच्या भाषणाची कापलेली चित्रफीत पसरली. २ डिसेंबरला राजधानीत लाखो लोक जमले, पुढच्या एप्रिलमध्ये आहोक निवडणूक हरले आणि मे २०१७ मध्ये धर्मनिंदेसाठी त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. सरकारी वकिलांनी मागितली होती त्याहून ती जास्त होती. ज्या कायद्याखाली खटला चालला, त्याचे मूळ १९६५ च्या सुकार्नोंच्या हुकुमात आहे. तो हुकूम २०१० मध्ये घटना न्यायालयाने वैध ठरवला तेव्हा दोन्ही मोठ्या संघटना तो टिकावा याच बाजूने होत्या, आणि ही त्यांची मला न पटणारी, दुखावणारी बाजू आहे. अहमदिया या अल्पसंख्य मुस्लिम पंथावर २००८ पासून निर्बंध आहेत. आचे प्रांतात भर चौकात फटके मारले जातात.

पण आहोक प्रकरणाचे पुढचे पान पाहा. धर्मनिंदा झाली असे मत देणाऱ्या उलमा परिषदेचे प्रमुख मारूफ अमीन खटल्यात साक्षीलाही उभे राहिले होते. त्यांनाच दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी आपल्या जोडीला उपराष्ट्राध्यक्षपदासाठी घेतले. आमच्या गल्लीतल्या मांडवात तीच जोडी पुकारली जात होती. आपल्याकडच्या चर्चेत भीती नेहमी एकाच बाजूची असते, की मशीद राज्याचा ताबा घेईल. मी पाहिला तो उलटा प्रवास आहे: राज्य मशिदीला आपल्या अंगणात बोलावून घेते. ऑक्टोबर २०२३ मध्ये घटना न्यायालयाने वयाची अट शिथिल केली आणि विडोडोंचे ३६ वर्षांचे चिरंजीव उपराष्ट्राध्यक्षपदाला पात्र ठरले. त्या न्यायालयाचे प्रमुख न्यायाधीश या चिरंजिवांच्या आत्याचे पती होते. लोकशाहीला लागलेल्या या घावात इस्लामचा काडीचाही संबंध नव्हता.

आणि मे २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून धार्मिक संघटनांना कोळशाच्या खाणी प्राधान्याने देण्याचे ठरवले. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्याला खाण नको असे कळवले. नहदतुल उलमाने ती स्वीकारली. मुहम्मदियात काही काळ चर्चा झाली, पण जुलैमध्ये तिनेही होकार दिला. ज्या दोन संघटनांनी १९४५ मध्ये आणि २००२ मध्ये राज्याकडून मिळू शकणारी सर्वांत मोठी वस्तू नाकारली, त्यांनी खाण घेतली, हे वाचून मला जितके वाईट वाटले तितके आहोक यांच्या शिक्षेच्या दिवशीही वाटले नव्हते.

मी इबूंना फोन केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत मतदान करून आल्यावर त्यांनी जांभळी शाई लागलेल्या बोटाचा फोटो मला पाठवला होता आणि आनंदात होत्या. खाणीबद्दल विचारल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वर काय चालते ते आम्हाला कोण विचारते, पण गुरुवारचा डबा आम्ही बंद केलेला नाही. छपराचे काम अजून बाकी आहे."