सचिन हे क्रिकेटचं नाव नाही, गाण्याचं आहे

माझ्या मोठ्या भावाचं नाव सचिन. जन्म १९७४, लालबाग. आणि आयुष्यभर त्याला एकच प्रश्न, काय मग, तेंडुलकरवरून ठेवलं का नाव? अहो तेंडुलकरचा जन्मच मुळी १९७३ चा, तो पहिली टेस्ट खेळला नोव्हेंबर १९८९ मध्ये कराचीला, तोपर्यंत आमच्या सच्याला मिसरूड फुटायला लागलं होतं. आज चाळिशी ओलांडलेला कुठलाही सचिन घ्या, त्याचं नाव क्रिकेटवरून असूच शकत नाही.

मग एवढे सचिन आले कुठून? तर आले बंगालमधून, गाण्यातून. संगीतकार सचिन देव बर्मन, म्हणजे बर्मनदा. जन्म १९०६, कोमिल्ला, जे आता बांगलादेशात आहे, घराणं त्रिपुराच्या राजाचं. १९४४ ला मुंबईत आले आणि १९७५ मध्ये जाईपर्यंत इथलेच झाले. आणि खुद्द तेंडुलकरचं नावसुद्धा त्यांच्यावरूनच आहे बरं का. वडील रमेश तेंडुलकर, कवी आणि कीर्ती कॉलेजला मराठीचे प्राध्यापक, बर्मनदांच्या संगीताचे चाहते, त्यांनी मुलाला ते नाव दिलं. म्हणजे तिकडे साहित्य सहवास ह्या लेखकांच्या वसाहतीतले प्राध्यापक आणि इकडे लालबागच्या चाळीतला आमचा गिरणी कामगार बाप, दोघांनी एकाच माणसाच्या गाण्यापायी मुलाचं नाव ठेवलं. मला ह्या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

बाबांची आवड साधी नव्हती. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला हा हिंदी गाण्यांचा कार्यक्रम लागला की ट्रान्झिस्टर खिडकीच्या कट्ट्यावर, एरियल पूर्ण ताणलेली आणि टोकाला तांब्याची वायर गुंडाळून ती गॅलरीच्या गजाला बांधलेली, सिलोन नीट लागावं म्हणून. बर्मनदा स्वतः गायचे ना, नावाड्याच्या हाकेसारखा तो आवाज, तो लागला की कोणी बोलायचं नाही. बारशाला आजीने पंचांग काढलं, अक्षर आलं ह, तिच्या मनात हेमंत होतं. बाबा म्हणाले पत्रिकेत काय लिहायचं ते लिहा, पाळण्यात सचिनच. शेवटी आत्याने कानात कुर्र करून सचिनच सांगितलं.

आता अर्थाचं. नावांच्या ॲपवर बघाल तर सचिन म्हणजे शुद्ध, सत्य, अस्तित्व असलं काहीतरी दिलेलं असतं, नुसतं सत् शब्दाला ओढून ताणून जोडलेलं. मूळ नाव आहे शचीन. शची ही इंद्राची राणी, पुलोमाची मुलगी म्हणून तिलाच पौलोमी पण म्हणतात, आणि इन म्हणजे स्वामी. शचीचा स्वामी, म्हणजे इंद्र. शचींद्र पण तेच, क्रांतिकारक शचींद्रनाथ सन्याल आठवा. बंगालमध्ये शची हे नाव जिव्हाळ्याचं, कारण चैतन्य महाप्रभूंच्या आईचं नाव शचीदेवी. बंगाली माणूस आजही शोचिन म्हणतो, आपल्याकडे येता येता त्याचं सचिन झालं आणि असं रुळलं की परकं वाटतच नाही. (सुरतेच्या अलीकडे सचिन नावाचं स्टेशन लागतं, तिथे जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याचं संस्थान होतं, ते गावाचं नाव, ह्या नावाची गोष्ट वेगळी.)

बर्मनदांच्या जोडीला पिळगावकरांचा सचिन पण धरायला हवा. १९५७ चा जन्म, लहानपणापासून पडद्यावर, त्यामुळे मराठी आयांना ते नाव ओळखीचं आणि गोड वाटायला लागलं. भावाच्या वर्गात तर सचिन एवढे की बाई आडनावानेच हाक मारायच्या, आणि चाळीत खालून कोणी सच्याऽऽ ओरडलं की दोन-तीन मजल्यांवरून डोकी बाहेर यायची.

हे सगळं आज लिहितेय कारण भाचीला मुलगा झालाय, मी सचिन सुचवलं तर म्हणाली मावशी ते अंकलचं नाव वाटतं गं. तिच्या लिस्टमध्ये रेयांश, कियान, विआन. मुलं गोड असतात, नावंही कानाला गोड आहेत, पण रेयांशमधला अंश मला कळतो, रेय कुठून आला ते कोणी सांगेल का? अर्थाच्या रकान्यात प्रत्येकापुढे देवाची कृपा नाहीतर विष्णूचा अंश. मला खरंच वाईट वाटतं. ज्या नावामागे इंद्र-शची आहेत, बंगालच्या पद्मा आणि मेघना नद्यांवरची गाणी आहेत, दिवसभर गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर उभं राहून आलेल्या माणसाचा आनंद आहे, ते नाव जुनं झालं म्हणून टाकायचं आणि ॲपवर कोणीतरी बसून जुळवलेलं घ्यायचं, हे मला पटत नाही. नाव जुनं होतं, परत येतं पण. कबीर, मीरा, अद्वैत आले ना परत? कोणीतरी पहिल्यांदा ठेवावं लागतं एवढंच.

तिला मी बर्मनदांची गाणी पाठवली आहेत, बारसं अजून व्हायचंय. आणि इथे जे सचिन आहेत, खास करून ८९ च्या आधी जन्मलेले, त्यांनी घरी विचारा आणि इथे लिहा, तुमचं नाव कोणी ठेवलं आणि कोणावरून. आईवडील आहेत तोवर विचारून घ्या, आमच्या बाबांना आता विचारता येत नाही.