ब्राउन्सीच्या आधीचे तंबू

उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती सुरू झाल्या की हा मजकूर हमखास फिरत येतो: ‘मुलांचं जगातलं पहिलं शिबिर स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर भरवलं. अमेरिकेतल्या मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चने तंबूंची ती कल्पना उचलली आणि धर्मप्रचाराला जुंपली.’ दोन वाक्यांत अडीच चुका.

आधी ‘पहिलं’. ब्राउन्सीवरच्या वीसेक मुलांपैकी निम्मी आली होती बॉईज ब्रिगेडमधून. विल्यम स्मिथ यांनी ही ब्रिगेड 1883 मध्ये ग्लासगोत काढली, तीही रविवारच्या शाळेत कंटाळणाऱ्या पोरांसाठी. तिचा पहिला तळ 1886 मध्येच स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पडला होता. अमेरिका तर त्याहून पुढे. कनेटिकटमधले शिक्षक फ्रेडरिक गन यांनी 1861 साली शाळेतल्या मुलांना सुमारे 40 मैल चालवत समुद्रकाठी नेलं. यादवी युद्ध नुकतंच पेटलेलं, मुलांना सैनिकांसारखं राहायचं होतं. पोहणं, होड्या, मासेमारी, सगळं झालं. 1885 मध्ये वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या सम्नर डडली यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ऑरेंज लेकवर सात मुलांना नेलं. त्या शिबिराची परंपरा आजही चालू आहे.

आता मेथडिस्टांची उचलेगिरी. तंबू त्यांना कुणी शिकवायची गरजच नव्हती. अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर त्यांचे ‘कॅम्प मीटिंग’ 1835 पासून भरत. कुटुंबंच्या कुटुंबं झाडांखाली मुक्काम टाकत आणि दिवसभर प्रवचनं चालत. आपल्याकडचा सप्ताहच म्हणा ना! न्यू जर्सीतल्या ओशन ग्रोव्हला 1869 पासून हेच चाललंय, तिथे उन्हाळ्यात आजही शंभरावर तंबू उभे राहतात. मात्र उलट टोकाला जाऊन यालाच मुलांचं शिबिर म्हणू नये. ते मोठ्यांचं होतं, पोरं आईबापांबरोबर आलेली. मुलांचं वेगळं शिबिर घडलं शाळा आणि वायएमसीएच्या हातून. 1910 मध्ये अमेरिकेत बॉय स्काउट्सची संघटना निघाल्यावर अनेक मेथडिस्ट चर्चनी आपल्या छताखाली स्काउट पथकं काढली, तेवढी उसनवारी खरी.

उरली अर्धी चूक, धर्मप्रचाराची. चर्चच्या शिबिरात प्रार्थना आणि बायबल असायचंच, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण त्यासमोर स्काउटिंग म्हणजे निव्वळ निधर्मी खेळ, असं भासवणाऱ्यांनी बेडन-पॉवेल यांचं 1908 चं स्काउट वचन काढून पाहावं. पहिलंच कलम देव आणि राजा यांच्याविषयीच्या कर्तव्याचं आहे.